मनांगचे बेचाळीस महिने

हाँगकाँग
१४ जानेवारी १९९६

चि. बेनिल्दा हिस,
तुझ्या मनांगचे, थोरल्या बहिणीचे, पोटभर आशीर्वाद, आणि थंडीने फुटलेल्या हातांचा एक गालगुच्चा. वि. वि.

नाताळचं पत्र पोचलं. यंदा लसूण चांगला आला हे वाचून बरं वाटलं. खोक्यातून पाठवलेले साबण तू वापरणार नाहीस, कपड्यांत वासाला ठेवून देशील, हे मला इथे बसून दिसतंय. वापर गं बाई. बावन्न पुरी झाली तुला, आता कुणाच्या लग्नासाठी राखून ठेवतेस?

आता बातमी. लाम मॅडमचं कुटुंब कॅनडाला चाललं. पुढच्या वर्षी इथे चीनचा अंमल येणार, म्हणून इमारतीतली निम्मी घरं आवराआवरीला लागली आहेत. जूनअखेर आमचंही दार बंद. मॅडमनी सांगितलं तेव्हा त्या रडल्या, मग मीही रडले, आणि मग दोघींनी मिळून काट्याचमच्यांचा डबा पुसून काढला. सतरा वर्षं झाली या घरात. मैत्रिणी म्हणतात की दुसरं घर बघ. पण सत्तावन्न वर्षांच्या, जिन्यात थांबत थांबत चढणाऱ्या मोलकरणीला कोण ठेवतं? तेव्हा मी घरी, फिलिपिन्सला, येतेय. कायमची.

म्हणून एक काम कर. आपल्या दोघींची पेन्शनची पुस्तकं घेऊन लाओआगच्या ऑफिसात जा आणि किती महिने भरले ते शिक्क्यानिशी लिहून आण. मी नऊ वर्षं दर तिमाहीला ते पैसे वेगळ्या पाकिटात पाठवतेय, तेव्हा एकशेवीस महिन्यांचे हप्ते पुरे व्हायला आता वर्षच उरलं असणार. साठी झाली की दोघी जणी दर महिन्याला पेन्शन घेऊ, बाजारात जाऊन गरम, तळलेला एम्पनाडा खाऊ आणि कुणाला विचारणार नाही.

आईच्या कबरीवर माझ्या नावाने मेणबत्ती लाव. माझ्या लेकीला, रोवेनाला, सांग की आईला चार ओळी लिहिल्याने हात झिजत नाही.
तुझीच,
क्रिसांता

*

बाताक
९ फेब्रुवारी १९९६

ती. मनांगस,
बेनिल्दाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तू येणार हे वाचून मी शेजारी ओरडत गेले. सगळ्यांनी विचारलं की खोके किती येणार. मी म्हटलं की यंदा मनांगच खोक्यात बसून येतेय. मागची खोली रंगवून घेते. छपराचे दोन पत्रे बदलायचे आहेत. डुक्कर व्यालं, नऊ पिल्लं, एक दगावलं. शाळेने यंदाही गणवेशांचं काम मलाच दिलं, त्यामुळे शिवणयंत्र दिवसभर चालू असतं आणि मान आखडते.

तुझ्या लेकीची खरी बातमी मात्र मीच देते, ती देणार नाही. लाओआगला ती शिकवते त्या शाळेत आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिने लग्न ठरवलंय, मुलाचं नाव डेल्फिन. आपलाच इलोकानो, पण घरचे सगळे हवाईत, आणि हा तिथे हॉटेलच्या स्वयंपाकघरात असतो. सुट्टीत आला की आमच्या ओट्यावरून हलत नाही. बोलतो कमी, जेवतो भरपूर. मला बरा वाटला. तू रागावू नकोस, पोरगी सव्वीस वर्षांची आहे.

लाओआगला जाणं काही झालं नाही. रस्त्याचं काम चाललंय, जीपनीला दोन-दोन तास लागतात. पुस्तकं कपाटात जपून ठेवली आहेत, काळजी करू नकोस.
लोभ आहे तसाच असावा.
तुझी धाकटी अदिंग,
बेनिल्दा

*

हाँगकाँग
२५ फेब्रुवारी १९९६

चि. बेनिल्दा हिस, आशीर्वाद. वि. वि.

एवढं पत्र लिहिलंस. त्यात डुकराची पिल्लंसुद्धा मोजलीस, आणि माझ्या पुस्तकाला दीड ओळ. तू लहानपणी मडकं फोडलंस की असंच भलतंच काहीतरी सांगत सुटायचीस. मला धास्ती वाटायला लागली आहे.

रविवारी आम्ही सगळ्या जणी चौकात पुठ्ठे अंथरून बसतो, त्यात सलुद तुला आठवत असेल, पाओयची. चौसष्ट वर्षांची. दोन वर्षांपूर्वी वाजतगाजत घरी गेली होती. खोके उघडेपर्यंत भावांनी डोक्यावर घेतलं. मग सहा महिन्यांत वहिनी तिच्यादेखत तांदळाचा डबा हलवून बघायला लागली. आता ती परत इथे आली आहे, आणि कागदावर वय कमी लिहून कुणाच्या तरी घरी फरशी पुसते आहे. परवा तिने मला विचारलं की तुझं तिकडे पक्कं आहे ना? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या हातात आहे, म्हणजे पक्कंच. असं म्हटलं खरं, आणि घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं.

रस्ता कितीही खराब असू दे. जा आणि आकडा कळव.
वाट बघणारी,
क्रिसांता

*

बाताक
१२ मार्च १९९६

ती. मनांगस, नमस्कार.

ख्यालीखुशाली आज लिहीत नाही. माझ्या पुस्तकात एकशेआठ महिने भरले आहेत. तुझ्या पुस्तकात बेचाळीस.

नव्वद साली जूनमध्ये आईची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा तिला लाओआगला यंत्रावर न्यावं लागे. खरा खर्च तुला मी कधी कळवला नाही, कारण तू रविवारचं जेवण सोडून पैसे पाठवतेस हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं. तुझं पाकीट आलं की दोन्ही पुस्तकं पुढ्यात घेऊन बसायची मी. त्यातून एकच भरता यायचं. पहिल्या वेळी ठरवलं होतं की पुढच्या तिमाहीला तुझं भरू. मग आई दोन वर्षं जगली. ती गेल्यावर देणी फेडली, मग रोवेनाच्या कॉलेजची शेवटची फी. आणि त्यानंतर, खरं सांगते, काही कारण उरलं नव्हतं. घराला त्या पैशांची सवय लागली होती आणि मला तुझी भीती.

तू विचारशील की तुझंच का थांबवलं. मनांग, तुला रोवेना आहे. मला कोण आहे? बिनलग्नाची बाई साठीनंतर कुणाच्या चुलीपाशी बसते ते मी या गावात पाहिलंय. मनांगला तिची मुलगी बघेल, पेन्शनवाचून तिचं अडणार नाही, माझं अडेल, असा विचार मी केला. डोकं ठिकाणावर असताना केला. आईचं आजारपण पुढे करून सुटत नाही.

ऑफिसात मी विचारून आले की माझे महिने तुझ्या नावावर चढवता येतील का. कारकून हसला. तसं होत नाही.

शिव्या दे, पण पत्र पाठव.
बेनिल्दा

*

लाओआग
२० एप्रिल १९९६

ती. आईस, रोवेनाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचून मग लिहायला बसले. तू लिहितेस की बेनिल्दाने घात केला, आता तू लग्न दोन वर्षं पुढे ढकल, तुझ्याशिवाय मला कोण आहे. आंटीने मला सगळं सांगितलं आहे. रडून नव्हे, गणवेशाला काजं करता करता, मान वर न करता सांगितलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी तुझ्यावरही चिडले आहे.

तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्यासाठी गेलीस, मला माहीत आहे, दर खोक्याबरोबर तसं लिहून येत होतं. आंटीने तुझे हप्ते थांबवले ते तुला मी आहे म्हणून. तूही आता तेच म्हणतेस. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघी माझ्यावरच हप्ते भरत होतात आणि मला कुणी विचारलं नाही.

लग्न ऑगस्टमध्येच होईल, आणि नंतर मी होनोलुलूला जाईन. दरमहा इतके पाठवीन असं वचन देणार नाही. देऊन मोडलं तर तुझंही सलुद आंटीसारखं होईल, आणि ते माझ्या हातून व्हायला नको. जमेल तेव्हा पाठवीन. पहिल्या पगारातून मात्र आधी माझ्या म्हातारपणाचं खातं उघडणार आहे. माझ्या मुलांना असं पत्र लिहायला लागू नये.

फार कडक लिहिलंय, पण खोडत नाही. तू ये. डेल्फिनला तुझ्या हातचं जेवायचंय, आणि मलाही. सतरा वर्षांत मी ते किती वेळा जेवले ते बोटांवर मोजता येईल.
तुझी,
रोवेना

*

हाँगकाँग
२ जून १९९६

बेनिल्दा,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव.

चार पत्रं लिहिली आणि फाडली. तू ते पैसे सोन्यात घातले असतेस, कुणा पुरुषावर उडवले असतेस, तर मला सोपं गेलं असतं. इथल्या मैत्रिणी म्हणतात की घर तुझ्या पैशाचं आहे, बहिणीला बाहेर काढ. मी त्यांच्याशीच भांडले.

तुझ्या जागी मी असते तर असं केलं नसतं. हे लेखी देऊन ठेवते. पण दोन वर्षं आईला न्हाऊमाखू घालणंही माझ्या वाट्याला आलं नाही. ती दोन वर्षं मी लाम मॅडमच्या सासूला न्हाऊ घालत होते.

दोन घरी काम मागून आले. एका बाईने मला जिना चढून दाखवायला सांगितलं. मी चढले, वर जाऊन हसूनही दाखवलं. तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि चहा दिला. चहा देतात तेव्हा नोकरी देत नाहीत.

रोवेनाला मी तिचं पत्र मिळालं एवढंच कळवलंय. पोरगी बरोबर आहे, म्हणून जास्त लागलं.

तीस तारखेला निघते. विमानतळावर येऊ नकोस, मनिलाहून मी बसने येईन.
क्रिसांता

*

बाताक
१९ जानेवारी १९९७

चि. सौ. रोवेना हिस,
आंटीचे आशीर्वाद, आणि जावईबापूंना सांग की ओटा त्यांच्यावाचून ओस पडलाय. वि. वि.

तुझी मनीऑर्डर पोचली. तुझ्या आईने पाकीट फळीवर ठेवलं आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यातून छपराचे पत्रे आले.

तू विचारलंस की तुमचं कसं चाललंय. लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो ते लोकांसाठी. तू गेल्यावर मनांग माझ्याशी मांजरामार्फत बोलायची. भात गिजगोळा झाला की मांजराला सांगायची, डोकं दुखलं की मांजराला सांगायची. मीही मांजरालाच उत्तर द्यायची. एकदा मांजर उठून गेलं आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

सप्टेंबरपासून ती सकाळी हाँगकाँगी वाफेचे पाव करते आणि शाळेच्या फाटकाशी नेऊन विकते. आधी लोक नाकं मुरडायचे की हे असलं पांढरं कापसासारखं कोण खाणार. आता दहाच्या सुट्टीत टोपली रिकामी होते. गुडघा सुजतो, रोज सुजतो. ती बोलत नाही, पण तिला उठायला आता भिंत लागते. ज्या दिवशी टोपलीत पाव उरतात त्या दिवशी आम्ही दोघी रात्री भाताऐवजी तेच खातो.

शुक्रवारी आम्ही लाओआगच्या ऑफिसात गेलो. आता प्रत्येक वेळी ती स्वतः येते. पैसे मला धरू देत नाही. रांगेतही पिशवी छातीशी. माझे एकशेवीस महिने पुरे झाले. खिडकीतल्या बाईने शिक्का मारला, आणि मला आनंद होईना, कारण मनांग बाजूलाच उभी होती. तिच्या पुस्तकात अठ्ठेचाळीस झाले. बाईने उरलेले मोजले, बहात्तर, म्हणजे सहा वर्षं. मनांगने तिला विचारलं की तोवर तुझी बदली तर होणार नाही ना.

परतताना जीपनीत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं पुन्हा अबोला. तर मध्येच माझ्याकडे न बघता म्हणाली की मी हिशेब केलाय: माझे महिने दोन हजार दोनच्या डिसेंबरात पुरे होतात, आणि तुला साठी त्यानंतर वर्षाने लागते. म्हणजे तुझ्या आधी मला पेन्शन सुरू. ते एक वर्ष तू माझ्या पैशांवर जेवशील, बेनिल्दा, आणि मी तुझा एक-एक घास मोजणार आहे.

मी म्हटलं, मोज. शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली, कारण मी रडत होते आणि मनांग माझ्या मांडीवर चापट्या मारत होती, जोरात, लागतील अशा.

तब्येतीला जप. खातं उघडलंस का ते कळव. आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस. पत्र लांबलं तरी चालेल.
तुझी,
आंटी बेनिल्दा