नाडी बांधेपर्यंत

प्रिय ताई,

फोनवर तू "योगायोग असेल रे" म्हणालीस, ते जरा जास्तच पटकन म्हणालीस. म्हणून लिहितो आहे. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

आमच्या कंपनीच्या नव्या व्हिडिओ गेमसाठी सिनेमातले एक लेखक आणले आहेत. सगळे त्यांना सिनेमावाले म्हणतात. माझं काम संवाद बिनचूक टाइप करायचं आणि दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं ते बसवायचं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुमची पात्रं बोलतात की बँकेत नंबर लावतात? एकाचं झालं की दुसरा!" मग त्यांनी आम्हाला वाक्य अर्ध्यावर सोडायला, उत्तराआधी गप्प राहायला शिकवलं. झालं भलतंच. पात्र गप्प बसलं की खेळणाऱ्यांना वाटायचं, गेम अडकला. ते सरळ मशीन बंद करायचे. मी भीत भीत सुचवलं, त्या शांततेत खेळणाऱ्याच्या हाताला काही काम द्या. त्यावर त्यांनी नवा सीन आणला.

बाप बॅग घेऊन दारात उभा आहे. मुलगा विचारतो, "कधी येणार?" बाप गप्प. मग म्हणतो, "आधी नाडी बांध, मग सांगतो." खेळणारा बटण दाबत मुलाच्या बुटाची नाडी बांधतो, मान वर करतो, तर दारात कोणी नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

ताई, बाबा घर सोडून गेले त्या सकाळी खोलीत ते, तू आणि मी, तिघंच होतो. नाडीचं हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. सिनेमावाल्यांना विचारलं तर म्हणाले, "बापाचा आवाज द्यायला एक गृहस्थ येणार आहेत ना, त्यांनी बोलता बोलता सुचवलं. तुला कशाला चौकशा?" हे तुला फोनवर सांगितलं, तर तू "योगायोग" म्हणून मोकळी झालीस. मी जेवलो म्हटलं तरी काय, कुठे, कोणाबरोबर विचारणारी तू, तो माणूस दिसतो कसा एवढंही विचारलं नाहीस. आणि मागे एकदा तूच म्हणाली होतीस, "तुमच्याकडे बाहेरच्यांना काम मिळतं का रे?" तेव्हा ते सहज वाटलं होतं. आई म्हणते, मी पाण्यातही खडे शोधतो. असेन तसा.

सोमवारी रेकॉर्डिंग आहे. काचेपलीकडे ते गृहस्थ बसतील, अलीकडे मी. त्यांच्या हातात जाणारा कागद मीच छापतो. त्यातलं नाडीचं वाक्य मी काढून टाकलं आहे. सिनेमावाले ओरडतील, ओरडू देत. मुलाच्या प्रश्नाखालची जागा कोरी सोडली आहे. बाबांचा नंबर तुझ्याकडे नसेल, तर माझं हे सगळं लिहिणं विसरून जा. असेल, तर त्यांना आधीच कळव, की मी आता खाली बघणार नाही. येताना उत्तर घेऊन या म्हणावं.

तुझाच,
धाकटा