तुमच्या हॉस्पिटलात नाही

आई,

जेवण झाकून ठेवलंय. आधी जेवा, मगच पुढचं वाचा. रिकाम्या पोटी तुमचा पारा लवकर चढतो.

माझं एंडोमेट्रिओसिसचं, त्या पाळीच्या जीवघेण्या दुखण्याचं ऑपरेशन आज संध्याकाळी पाचला आहे, चौकापलीकडच्या खाजगी हॉस्पिटलात. तुमच्या सरकारी हॉस्पिटलात तुम्ही माझ्यासाठी किती जणांपुढे शब्द टाकलात, ते मला ठाऊक आहे. पण तारीख पुढेच सरकत राहिली, आणि परवा बाथरूमच्या फरशीवर पोट धरून पडले तेव्हा माझा धीर सुटला. तोंडावर सांगायची छाती झाली नाही. तिथल्या नर्सबाई विचारतील, 'घरच्याच सुनेचा आमच्यावर भरवसा नाही होय?' सांगा, सून आगाऊ आहे.

तुमचा लेक सोबत आहे, पण सुई दिसली की तो स्वतःच भिंतीकडे तोंड करतो.

खाजगीत सगळं चकाचक आहे, लिफ्टमध्येसुद्धा गाणी लागतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, झोप लागेपर्यंत जवळ कोण असतं? ते म्हणाले, 'मशीन असतं ना!'

तुम्ही इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरच्या मावशी. बाईचे डोळे मिटेपर्यंत तिच्या पायाचा अंगठा धरून उभ्या राहता. आई, मला फार भीती वाटतेय. रागावला असाल तर रागावूनच या, पण या. कपडे बदलत बसू नका, ड्युटीच्या कपड्यांतच निघा. त्या कपड्यांत तुम्हाला थिएटरच्या दारात कोणी अडवणार नाही.