बुडालेल्या ओट्यावरचा चुरमा

५ जानेवारी, रविवार
अंजू पाण्यावर! धरणात पर्यटनाची बोट सुरू झाली आहे आणि आमची पोरगी तिच्यावर माइक घेऊन उभी. पाव्हण्यांना पक्षी दाखवायचे, मगरी दाखवायच्या, आमच्या लोकांची मीठ-धान्याची लदेणी बैलांवर या काठानं कशी जायची ते सांगायचं. यांना कोण कौतुक! "आपला इतिहास माइकवर सांगून राह्यली पोरगी." म्हटलं, इतिहास बुडाला तो बुडाला, पोरगी बुडू नये. तिला पोहता येत नाही.
एरवी दिव्यात बेतानं तेल घालते. आज काठोकाठ.

८ जानेवारी, बुधवार
जुना तांडा धरणाखाली गेला, सातीभवानीचा ओटाही गेला. बोट नेमकी त्याच जागी थांबवतात म्हणे. सासूबाई सांगायच्या, ओट्यापुढून रिकाम्या हातानं जायचं नाही. चुरमा केला. भाकरी, गूळ, तूप. पुडी बांधून दिली, "पाण्यात सोड, मग पुढं जा."
पोरगी आईलाच विचारते, "याडी, देवी वर येईन काय घ्यायले?"
येऊ दे. तू सोड.
तूप देवाच्या खात्यावर लिहिलं.

१२ जानेवारी, रविवार
सोडला. सुखरूप आली. देवीची कृपा.

१९ जानेवारी, रविवार
ओट्याजवळ मगर निघाली! पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. टाळ्या! मला घास गेला नाही.

२६ जानेवारी, रविवार
आता दर फेरीला तीच मगर. आणि अंजूजवळच! अंजू हसत सांगते. देवीचं काही चुकलं असेल. चुरमा दुप्पट केला.

२ फेब्रुवारी, रविवार
राहवेना. मीच गेले बोटीवर.
बोट शकील चालवतो. म्हणाला, "बसा मौसी. पाणी चावत नाही."
"पाण्यातलं चावते ना, बाबा!"
सगळे हसले. मी नाही. काठावर रोही पाणी पीत होते, बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. अंजू छान बोलते, खरंच. लदेणीच्या बैलांच्या घुंगरांचं सांगत होती, लोक गप्प ऐकत होते. मी मात्र तिची ओढणी मुठीत धरून, नामस्मरण करत.
ओट्याची जागा आली. ती वाकली, पुडी सोडली. पाणी एकदम उकळल्यासारखं झालं — मासेच मासे! आणि मागून एक ओंडका सरकत आला. ओंडक्याला डोळे.
मी ओढणी ओढली. अंजू माझ्या अंगावर पडली. जिथं तिचा हात होता तिथं जबडा. बोटीला धक्का बसला, बायका किंचाळल्या, शकीलनं बोट मागं घेतली. मग तो चिडलाच.
"किती डाव सांगतलं अंजूले! तुम्ही रोज गोड टाकता, मच्छी जमते. मच्छीच्या मागं ते येते. आता तर हिचा हात वळखते!"
अंजू रडवेली. "याडीनं देल्लेलं कसं नाही टाकू?"


३ फेब्रुवारी, सोमवार
म्हणजे राखण कर म्हणून मी जे पाठवत होते, त्यानंच मगरीला पोरीपर्यंत आणलं. तेही दुप्पट करून! देव्हाऱ्यापुढं बसले. माय, तुला उपाशी ठेवते. राग धरायचा तर माझ्यावर धर.

९ फेब्रुवारी, रविवार
पुडी नाही. अंजू रिकाम्या हातानं गेली. मगर आली नाही! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१६ फेब्रुवारी, रविवार
मगर दिसत नाही म्हणून पाव्हण्यांनी बोटीच्या मालकाजवळ कटकट केली. शकीलनं भोळेपणानं खरं कारण सांगितलं, बंद केलं ते बरं झालं म्हणून. मालक खूश. उद्यापासून बोटीवर कोंबडीची आतडी, बादलीभर. टाकणार अंजू. मालक म्हणाला, "तिचाच हात वळखते ना ते."