काचेतली आई

३ एप्रिल
नोकरी लागली! घरातली पहिली पदवीधर, आणि फोटो स्टुडिओत मदतनीस. धाकटा म्हणतो, चला, ताईची पदवी फ्रेम करायची तरी सोय झाली. हसू दे मेल्याला. मालकांकडे जुना झटपट फोटोचा कॅमेरा आहे. बटण दाबलं की घरघरत पांढरा कागद बाहेर येतो. खालच्या जाड पट्टीत रसायनाची पुडी असते. आतले दोन रूळ ती फोडून रसायन पसरवतात. कागद पालथा ठेवायचा, हलवायचा नाही. काही मिनिटांत माणूस वर येतो! शिकवताना त्यांनी माझाच फोटो काढला, दोन्ही हातांत पदवी धरून, आणि खिशात घातला. दर्शनी काचेत कुणाला लावायचं, ते मात्र तेच ठरवणार.

९ एप्रिल
आई भेटायला आली. जन्मात तिचा एकटीचा फोटो नव्हता. मी काढला. बड्यांनीच का मिरवावं? मालक बाहेर जाताच आईला काचेत लावलं, शेजारच्या शिंप्याच्या रंग उडालेल्या फोटोजवळ. मालक परत आले, बघून हसले. राहू दे म्हणाले, तिथं ऊन छान येतं.

१६ एप्रिल
शिंपी गेला. दुकानाच्या पाटीवरून मालकांशी भांडला होता म्हणे. शेवटी अंगात रक्ताचा थेंब नव्हता. काचेतला त्याचा फोटो आज कोरा आहे.
धाकट्याचा फोन. आई पांढरीफटक पडलीय, डोळ्यांना दिसत नाही.

१७ एप्रिल
आईला काचेतून काढून खोलीवर आणलं. फोटोत ओठ उरलेत, डोळे नाहीत. पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण ठोकून बसवलं. ऊन नको लागायला.

१८ एप्रिल
धाकटा फोनवर रडतोय. आई भरदुपारी ओरडते — दिवा लावा, श्वास कोंडतोय —
मालकांना जाब विचारला. ते म्हणाले, पोरी, डब्यात तूच कोंडलीस ना? मग खिशातून माझा फोटो काढला, उन्हात धरला, आणि भिंग घेऊन फोटोतल्या हातांवर —
पळत खोलीवर आले. झाकण निघत नाही. बोटं पांढरी, कोरी — पेन्सिल दोन तळव्यांत धरून लिहितेय —
फोन वाजतोय. धाकटाच.
थांबला.
डब्यात आतून नखं —
आई, थांब, मी दातांनी