साप असलेली जागा

शनिवार, ५ ऑक्टोबर
आज अकरा पाहुणे. सगळे शहरातले, सगळ्यांच्या हातांत दोन-दोन काठ्या – आणि मी एकाहत्तरची, बिनकाठीची, सगळ्यांच्या पुढे! चर्चच्या पत्रकावर छापलंय, 'काळ्या लोकांचा इतिहास, चालत चालत'. इतिहास म्हणजे आमचीच माणसं. टेकडीवर पुरलेली, डोक्याशी साधा दगड, आणि शेवटचं ज्यातून प्यायले ते भांडं फोडून वर ठेवलेलं. पण पूर्वेच्या उतारावर काहीच दिसत नाही. पाहुण्यांचे चेहरे पडतात बिचाऱ्यांचे.

म्हणून गेल्या महिन्यात माझा टवका गेलेला पिवळा कप फोडून तिथे ठेवून आले. आज एका बाईंना तो 'सापडला'. रडल्या हो! मीही डोळे पुसले. नाटक करायचं तर पुरतं करावं.

रविवार, ६
ओझेलदादाला कुठूनतरी कळलं. नऊ वर्षांनी मोठा, म्हणून अजून कान उपटायला बघतो. प्रार्थना सुटल्यावर म्हणाला, "व्हर्डेल, दुसरीकडे कुठेही ठेव. तिथे नको."

का, ते सांगेना. मग तर तिथेच ठेवणार! लहानपणी आई त्या जागेला वळसा घालून न्यायची – साप आहे म्हणायची. इतकी वर्षं जगतो कुठला साप? तिथे कोणाचा पाय पडत नाही, कप तुडवला जाणार नाही, म्हणून तर मी ती निवडली.

शनिवार, १२
चौदा जण. एकाने कपाचा फोटो काढला आणि विचारलं, कोणाचा? जीभ सुटली माझी. खापरपणजीचा म्हटलं. बिनसाखरेची कॉफी लागायची तिला, हेही सांगितलं.

मंगळवार, १५
फोटो पेपरात. खाली खापरपणजी, कॉफीसकट.

आणि आजच कळलं – प्रुइट, टेकडीचा मालक, पूर्वेची झाडं तोडायला काढतोय. तिथे एकही कबर नाही म्हणे. गुरुवारी काउंटीच्या सरकारी कचेरीतल्या बाई बघायला येणार. कबर निघाली तर उतार वाचेल, नाहीतर सोमवारी करवती.

मला एकदम आठवलं, माझ्या कपाच्या बुडाशी छापलंय – 'मायक्रोवेव्हमध्ये चालेल'. प्रुइटने तो नुसता उलटा केला, तर टेकडीवरच्या सगळ्याच कबरी माझ्या स्वयंपाकघरातून गेल्या म्हणेल! आपल्याच हाताने पायावर धोंडा. जेवण गेलं नाही.

बुधवार, १६
सकाळी तुकडे उचलायला गेले. दादा आधीच तिथे, टोपी काढून बसलेला. बुडाचा तुकडा चिखलात रुतला होता, तो बोटांनी उकरला. खाली अजून काहीतरी लागलं. पत्र्याचा पेला – लहानसा, एका कानाचा, पत्रा फुटत नाही म्हणून बुडाला मुद्दाम पाडलेलं भोक.

दादा म्हणाला, "आठ महिन्यांची होती. तुझ्या आधीची. आईने शपथ घातली होती मला."

मी नाव विचारलं.

"तुझंच. आई म्हणाली, चांगलं नाव आहे, वाया जायला नको."

मी तिथेच बसले. केवढी खोटी कॉफी पाजली मी लोकांना तिच्या उशाशी! लाज वाटली, आणि रडूही आलं, खरं. दादाने रुमाल दिला. तो मळका होता, तरी घेतला.

गुरुवार, १७
पिवळा कप माझा, हे प्रुइटसमोर बाईंना सांगून टाकलं. तो हसला. मग पेला दाखवला. बाईंनी आजूबाजूला सळई टोचून पाहिली. इतर ठिकाणी अडली, पेल्याखाली पूर्वी खणलेल्या मऊ मातीत शिरली, लहान मुलाच्या मापाइतक्या जागेत. झाडं राहणार.

बाईंनी कबर नोंदवायच्या अर्जावर लिहायला नाव विचारलं. मी सांगितलं.

"तुमचं नाही हो," म्हणाल्या, "तिचं."