बाबांची जन्मतारीख

मंगळवार, १२ मार्च

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. (वाकले आहे असं समजा, खुर्चीत बसून बसून कंबर धरली आहे.)

मी मजेत. तुमचा खोकला कसा आहे? नळ दुरुस्त झाला, की अजून बादलीच लावताय? पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्ही ‘हॅलो’च्या आधी ‘पक्कं झालं का?’ विचारता आणि माझी बोबडी वळते, म्हणून लिहायला बसले.

इथे सगळं ठीक. शेजारच्या टेबलावरचा गणितवाला अजून माझाच कप वापरतो. आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमनी खोलीत नवा पांढरा फळा लावून घेतला आणि पहिल्याच दिवशी त्यावर न पुसल्या जाणाऱ्या पेनने लिहून ठेवलं. डॉक्टरेट झालेली माणसं आम्ही!

आता कामाचं. कुठली रुग्णवाहिका कुठे उभी करायची, आधी कुठली पाठवायची, हे ठरवणारा माझा अल्गोरिदम तुम्हाला माहीत आहे. आईच्या वेळी गाडी उशिरा आली, तेव्हापासून हेच डोक्यात होतं. तो तपासायला आम्ही कॉम्प्युटरला लुटुपुटीचे फासे टाकायला लावतो: कोण कुठे पडलं, फोन कुठून आला. फासे सुरू करायला त्याला एक आकडा द्यावा लागतो. आकडा तोच ठेवला की फासेही तेच पडतात, म्हणजे कुणालाही काम पुन्हा करून बघता येतं. मी पहिल्यापासून तुमची जन्मतारीख देत आले. गाड्या काय वेळेवर पोचायच्या! त्या जोरावर पेपर छापून आला आणि कायमच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणंही. तुम्ही तर सगळ्या बिल्डिंगला सांगून मोकळे. बाजारात तुरी!

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात गंमत म्हणून माझी जन्मतारीख टाकली. गाड्या उशिरा. म्हटलं, माझे ग्रहच तसे. ताईची टाकली, भावजींची टाकली. उशीरच. मॅडमच्या तारखेचं तर विचारूच नका. बाबा, माझी सगळी हुशारी फक्त तुमच्या तारखेला चालत होती.

मॅडमना सांगितलं. पेपरवर त्यांचंही नाव आहे. त्या म्हणाल्या, “एकच आकडा सगळेच ठेवतात. तू बोलली नाहीस तर कुणी विचारणारही नाही.” आणि दारापर्यंत जाऊन परत वळल्या. “पण तुला झोप लागेल का गं? मला नाही लागणार.”

मुलाखतीत मी पडद्यावरच्या पहिल्याच आलेखापाशी थांबले आणि सगळं सांगून टाकलं. समितीतले एक म्हातारे सर मुद्दाम उठून हात मिळवायला आले, तेव्हाच समजलं की जागा गेली. काल तसं कळवलंही. पेपर आम्ही मागे घेतला.

रडले, खोटं कशाला सांगू. बिल्डिंगमध्ये तुम्हाला चार लोकांचं ऐकावं लागेल, त्याचं जास्त वाईट वाटतं. पण रुग्णवाहिका बोलावणाऱ्या प्रत्येकाची जन्मतारीख तुमची नसते ना, बाबा. आईचीही नव्हती.

माझा करार मेअखेर संपतो. तोवर मॅडम आणि मी चूक शोधतोय. जूनमध्ये तुमच्या वाढदिवसाला घरी असेन. दार उघडल्यावर ‘पक्कं झालं का?’ म्हणू नका. ‘जेवलीस का?’ विचारा.

तुमची, आणि हे मात्र पक्कं,
ढब्बू