मेकदेसचं लिंबू

रियाध, २५ जानेवारी २०२६

ती. ठकूआत्यास अनिताचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून शर्मिलावहिनीच्या मोबाइलवर फोटो पाठवते आहे. वहिनी आधी वाचणार, हे गृहीत धरलं आहे.

सुट्टीत गावी न येता इथिओपियाला गेले म्हणून तू रुसलीस, असं कळलं. अगं, माझ्याबरोबर राहणारी नर्स मेकदेस दोन वर्षं मागे लागली होती, आमचा तिमकत बघायला चल म्हणून. येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. अदिस अबाबातल्या चर्चांमधून जरीच्या कापडात झाकलेले ‘ताबोत’, म्हणजे देवाच्या पवित्र पाट्या, पुजाऱ्यांच्या डोक्यावरून निघतात, वर रंगीत छत्र्या, मागे पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसं. सकाळी मंत्रलेलं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडवतात. मी नखशिखांत भिजले. शिमग्यात पालखी नाचवताना तू भान विसरतेस, तशा तिथल्या म्हाताऱ्या ताल धरून नाचत होत्या. तुझी फार आठवण झाली.

एक गोष्ट तुझ्यामुळे निभावली. मेकदेस डोळे मिटून ताबोतापुढे वाकली होती आणि गर्दीतून कोणीतरी नेम धरून तिच्यावर लिंबू फेकलं. मी ते पर्सने वरच्यावर उडवलं आणि तू शिकवलंस तसं न ओलांडता चपलेच्या टोकाने गटारात ढकललं. तिला सांगितलं नाही, उगाच सणाच्या दिवशी घाबरली असती.

पण नजर लागायची ती लागलीच. तिचा दावित इकडेच जिझानला ट्रक चालवतो, तोही सुट्टीवर आला होता. तीन वर्षांची ओळख. या सणात नक्की मागणी घालणार म्हणून ही नवा पोशाख शिवून गेलेली. तो लांबून दिसला, पण जवळही आला नाही, आणि आता फोन उचलत नाही. ही नीट जेवत नाही. मी त्याला रोज मराठीतून शिव्या देते.

लोभ आहे, तो या रुसव्यातून वाचलेला असू दे.

तुझी भाची,
अनिता


असुर्डे, २८ जानेवारी

चि. अनितास अनेक आशीर्वाद.

शर्मिला पत्र वाचून दाखवायला निघाली होती. म्हटलं, कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. रुसले नव्हते, फक्त तुझ्यासाठी ठेवलेले पापड शेजारी देऊन टाकले.

लिंबाचं अगदी बरोबर केलंस. त्या पोरीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ. आणि ज्याला तीन वर्षांत तोंड उघडता येत नाही त्याच्यासाठी जेवण सोडू नये, असं तिला माझ्यातर्फे सांग.

माया आहेच, ती पापडांवर मोजू नकोस.

ठकूआत्या


रियाध, ३१ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

घात झाला. लिंबाची हकिकत मी काल हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत, मेकदेस नसताना, मोठ्या ऐटीत सांगितली. सगळे हसले, लॅबमधली सारा हसली नाही. तीही इथिओपियाचीच. ती म्हणाली, तिमकतला मुलगा मनातल्या मुलीवर लिंबू फेकतो, तीच मागणी. तिने उचललं की होकार, नाही उचललं की नकार.

म्हणजे मी दावितच्या डोळ्यांदेखत त्याची मागणी गटारात ढकलली. त्याला वाटतंय हिने नाकारलं, हिला वाटतंय त्याने विचारलंच नाही. खरं काय ते मला ठाऊक आहे.

सांगायला हवं, पण जीभ उचलत नाही. माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर आठ दिवस हिने मला भरवलं होतं. या शहरात माझं असं माणूस हे एकच. तिने खोली बदलून मागितली तर मी कोणाकडे बघू? गप्प राहिले तर त्यांचं आपोआप नाही का जुळणार?

लोभाला मी सध्या पात्र नाही, तरी असू दे.

अनिता


असुर्डे, १ फेब्रुवारी

चि. अनितास आशीर्वाद.

आपोआप फक्त दूध नासतं. आजच सांग. थांबलीस तर तो मुलगा दुसरीकडे लग्न करून मोकळा होईल. ती रागावेल, खोलीही बदलेल, बदलू दे.

लिंबाची भीती मीच तुझ्या डोक्यात भरली. तेव्हा निम्मा राग माझ्यावर काढ म्हणावं. मी बहिरी आहे, मला ऐकू येणार नाही.

आशीर्वाद माझे आहेत, धीर तेवढा तुझा तू धर.

ठकूआत्या


रियाध, ६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सांगितलं. ड्यूटीवरून येताना मेट्रोत सांगितलं, म्हणजे तिला उठून जाता येणार नाही. ती पुढच्याच स्टेशनवर उतरली.

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दावितला फोन लावून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तूच सांग. कसा कोण जाणे, त्याने या वेळी उचलला. त्याचं अरबी माझ्याइतकंच मोडकं. मी सांगितलं की लिंबू उडवणारी मी, आमच्या गावी फेकलेलं लिंबू म्हणजे करणी.  मग त्याने एवढंच विचारलं, तिने खरंच पाहिलं नव्हतं का, आणि रडायला लागला. मी फोन मेकदेसकडे दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. तासाभराने तिचं हसणं ऐकू आलं आणि मलाच रडू फुटलं.

लग्न त्यांच्या ईस्टरनंतर ठरलंय. तुझ्या वाटणीचा निम्मा राग तिने सोडला. माझ्या वाटणीचं काय, मी लग्नाला आलेली चालेल का, असं मी घाबरतच विचारलं. ती म्हणाली, तिला सख्खी बहीण नाही, तेव्हा तिच्या शेजारी मीच उभं राहायचं. फक्त माझे दोन्ही हात ती धरून ठेवणार, मोकळे सोडणार नाही.

लोभ आहे, तो आता दोन भाच्यांत वाटावा.

तुझी,
अनिता